फडातला कोल्हा, बिबट्या आणि दारातला कुत्रा



शेतकी खात्याची माणसे लागण, खोडवा, खत-पाणी सोडून कोल्ह्याच्या आजारावर कशी काय लिहू लागली, असे तुम्हाला वाटेल. कारण सांगतो.

गेल्या हंगामात आमच्या गटातल्या एका फडात भर दुपारी एक कोल्हा उसातून बाहेर आला. माणसं पाहून पळाला नाही. झोकांड्या देत सरळ टोळीच्या अंगावर आला आणि एका तोडकऱ्याच्या पोटरीला चावला. लोकांनी काठ्या घालून त्याला मारला. तोडकऱ्याने जखमेत चटणी भरली, फडके बांधले आणि पुन्हा कोयता हातात घेतला. "खाडा पडला तर उचल कशी फिटायची?" हा त्याचा सवाल.

संध्याकाळी चिटबॉय सहज बोलला, म्हणून आम्हाला कळले. त्याच रात्री त्याला मोटारसायकलवर बसवून सरकारी दवाखान्यात नेले. लस, सीरम मिळाले, पुढचे सगळे डोस पुरे केले. आज गडी ठणठणीत आहे. पण चिटबॉय बोलला नसता तर? आणि आमचीही चूक सांगायला हवी. मेलेला कोल्हा लोकांनी ओढ्यात फेकला होता, तो गावच्या कुत्र्यांनी फाडला. हे आमच्या ध्यानात दुसऱ्या दिवशी आले.

पिसाळ रोगाचा, म्हणजे रेबीजचा, विषाणू जनावराच्या लाळेत असतो. चाव्यातून तो अंगात शिरतो आणि नसांच्या वाटेने मेंदूकडे सरकतो. याला काही आठवडे, कधी काही महिनेही लागतात. तेवढीच आपल्या हातातली मुदत. एकदा लक्षणे दिसली की माणूस वाचत नाही, असेच धरून चालावे.

आता कोल्ह्याला हा रोग कुठून येतो? आपल्याकडे रेबीजचे मुख्य घर कुत्रा. रात्री वस्तीवरचा कुत्रा उसात शिरतो, उसातला कोल्हा उकिरड्यावर येतो, दोघांची झटापट होते. बिबट्याचे तर कुत्रे हे खाणेच. अकोले तालुक्यात ऊसपट्ट्यातल्या बिबट्यांच्या विष्ठेची अभ्यासकांनी तपासणी केली, ती २०१४ साली प्रसिद्ध झाली. बिबट्याने खाल्लेल्या भक्ष्यात वजनाने सुमारे ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. म्हणजे कुत्र्याला जे होते, ते बिबट्यापर्यंत जायला वाट मोकळीच आहे.

रेबीजच नव्हे, डिस्टेंपर नावाचा कुत्र्यांचा रोगही असाच पसरतो. ताप, नाका-डोळ्यांतून पाणी, जुलाब, शेवटी झटके. माणसाला तो होत नाही, पण रानातल्या जनावरांची दाणादाण उडवतो. गुजरातेत गीरच्या पूर्व भागात २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काही आठवड्यांत २३ सिंह मेले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या तपासणीत त्यांतल्या काहींमध्ये डिस्टेंपरचा विषाणू सापडला. आफ्रिकेत टांझानियातल्या सेरेंगेटीच्या रानात १९९४ साली याच रोगाने सुमारे एक तृतीयांश सिंह गेले. पुढे त्या रानाकडेच्या गावांत कुत्र्यांना रेबीजची लस टोचली, तेव्हा माणसांना होणारे पिसाळलेल्या कुत्र्यांचे चावेही कमी झाले. लस कुत्र्याला, फायदा घरच्यांना!

तिसरा त्रास जंतांचा. कुत्रा, कोल्हा, लांडगा यांच्या आतड्यात काही मिलिमीटर लांबीचा एक फीतकृमी राहतो. त्याची अंडी विष्ठेतून चाऱ्यावर, पाण्यात जातात. मेंढराच्या पोटात गेली की काळीज-फोपशात पाण्याच्या फुग्यासारख्या गाठी धरतात. जत्रेत बोकड कापला आणि गाठीचे काळीज कुत्र्यापुढे टाकले, की फेरा पुरा झाला. कुत्र्याशी खेळून हात न धुता जेवणाऱ्या पोरालाही अशा गाठी होऊ शकतात. मोठ्या झाल्या तर ऑपरेशनची पाळी येते.

म्हणून एवढे करावे :

१) कुत्रा, कोल्हा, मुंगूस, रानमांजर कोणीही चावो, जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी. फडात पाण्याचा कॅन आणि साबणाची वडी ठेवावी. चटणी, चुना, तेल लावू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. रानातल्या जनावराचा चावा कधीही किरकोळ समजू नये. सर्व डोस पुरे करावेत.

२) कुत्रे ३ महिन्यांचे झाले की रेबीजची लस द्यावी, पुढे दर वर्षी टोचावी. डिस्टेंपरची लस आणि जंताचे औषध पशुवैद्यकांना विचारून द्यावे. टोळीच्या कोप्यांवरची कुत्री विसरू नयेत.

३) मेलेली जनावरे, कापलेल्या बोकडाचे टाकाऊ अवयव खोल पुरावेत. ओढ्यात, उकिरड्यावर टाकू नयेत.

४) भर दिवसा माणसाला न भिणारा, लाळ गाळणारा, झोकांड्या देणारा कोल्हा किंवा बिबट्या दिसला तर तोडणी थांबवावी, जवळ जाऊ नये. वन खात्याच्या १९२६ क्रमांकावर आणि गट ऑफिसला कळवावे. मेलेल्या रानजनावराला हात लावू नये.

एक मात्र ध्यानात ठेवा. दिसेल तो कोल्हा पिसाळलेला नसतो. कोल्हा आणि रानमांजर उसातले उंदीर खातात, हा आपला फायदाच आहे. त्यांना मारून रोग हटत नाही. रोग अडवायचा तो आपल्या दारात.

हंगाम सुरू होण्यापूर्वी आपल्या वस्तीवर किती कुत्री आहेत हे चिटबॉयजवळ सांगून ठेवा. आकडा हाती आला की पशुवैद्यकीय दवाखान्याशी बोलून गटवार लसीचा दिवस ठरवू. टोळी आपल्या भरवशावर गाव सोडून येते, बायका-पोरे फडात असतात. त्यांची काळजी आपण नाही घ्यायची तर कोणी?

आपला,
ऊस विकास अधिकारी