दाळ मिल कोणाच्या नावावर? धंदा काढण्याआधी कागद ठरवा!



तुरीचा हंगाम संपत आला की पंचायत समितीत आमच्या टेबलापुढे एक ठरलेली गर्दी होते. चार-पाच तरुण येतात. हातात यंत्राचे कोटेशन असते. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली मिनी दाळ मिल कोणाच्या तरी शेडमध्ये चालताना त्यांनी पाहिलेली असते. पहिला प्रश्न एकच, ‘साहेब, सबसिडी किती भेटते?’

अशाच एका गटाला मी उलटा प्रश्न केला, ‘मिल कोणाच्या नावावर घेणार?’ पाचही जण एकमेकांकडे पाहू लागले. शेवटी एक जण म्हणाला, ‘सगळ्यायच्या.’

हे उत्तर मनाने चांगले आहे. पण बँक, न्यायालय आणि कर खाते यांना ते पुरत नाही. धंदा कोणाचा, नफा कोणाचा आणि बुडाला तर कोणाच्या सातबारावर येणार, हे आधी ठरवावे लागते. त्यासाठी कायद्याने वेगवेगळे मार्ग ठेवले आहेत. ते नीट न पाहिल्याने काय होते, हे मी जवळून पाहिले आहे.

एका गावची गोष्ट

गावाचे आणि माणसांचे नाव सांगत नाही. चार मित्रांनी दाळ मिल टाकली. स्टँप पेपरवर दहा ओळी लिहिल्या, सह्या केल्या आणि नारळ फोडला. दोन वर्षे बरी गेली. तिसऱ्या वर्षी खरेदी पाहणाऱ्या भागीदाराने फर्मच्या नावाने उधारीवर तूर उचलली. भाव उतरले. तो गडी गाव सोडून गेला. उधारीवाले मग कोणाकडे आले? ज्याची जमीन ओलिताची होती त्याच्याकडे. ‘मी तर माल घेतलाच नाही,’ असे तो सांगत राहिला.

भारतीय भागीदारी कायदा १९३२ सालचा आहे. त्यानुसार फर्मच्या व्यवहाराला प्रत्येक भागीदार एकत्रितपणे आणि स्वतंत्रपणेही जबाबदार असतो. घेणेकरी चौघांपैकी कोणा एकाकडूनही पूर्ण रक्कम मागू शकतो. त्या भागीदाराने नंतर इतरांकडून त्यांचा हिस्सा वसूल करावा, एवढेच. आमच्या त्या शेतकऱ्याला एक एकर विकून हिशेब मिटवावा लागला.

दुसरी ठेच अशी की, एका ठोक व्यापाऱ्याकडे फर्मचेच पैसे अडकले होते. दावा लावायला गेले तर वकिलाने विचारले, ‘फर्मची नोंदणी आहे का?’ नव्हती. नोंदणी नसलेल्या फर्मला करारावरून बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही. म्हणजे देणे पूर्ण द्यायचे आणि घेणे मात्र मागता येत नाही, अशी गत झाली.

आता एकेक मार्ग पाहू.

१) एकट्याचा धंदा

यंत्र एकाचे, पैसा एकाचा, नफाही त्याचाच. याला प्रोप्रायटरी म्हणतात. धंदा उभा करायला वेगळा नोंदणी कायदा नाही. २०२० पासून असलेली उद्यम नोंदणी विनामूल्य आहे. खाण्याचा माल असल्याने अन्न सुरक्षा खात्याची नोंदणी किंवा परवाना मात्र हवाच. हा मार्ग सोपा आणि कमी खर्चाचा आहे. दोष असा की धंद्याचे कर्ज हे तुमचेच कर्ज. घर आणि वावर त्यापासून वेगळे राहत नाही. मजुरीवर दाळ करून देणाऱ्या एका कुटुंबाला हा मार्ग पुरतो.

एक गोष्ट लक्षात असू द्या. तूर विकली तर ते शेतीचे उत्पन्न. दाळ करून पाकिटात भरून विकली की प्रक्रियेचा नफा धंद्याच्या उत्पन्नात जातो. म्हणून पहिल्या दिवसापासून वही ठेवा.

२) भागीदारी

दोघे-चौघे असतील आणि विश्वास असेल तर भागीदारी चालते. पण करारनामा वकिलाकडून करून घ्या आणि फर्म निबंधकाकडे नोंदवा. करारात लिहिले नाही तर कायदा काय धरतो, ते पाहा:

• नफा-तोटा सर्वांचा समान. एकाने तीन लाख टाकले आणि दुसऱ्याने पन्नास हजार, तरीही समान.

• दिवसभर मिलवर उभा राहणाऱ्या भागीदाराला वेगळा पगार नाही.

• एक भागीदार वारला की फर्म मोडते.

यातले जे तुम्हाला नको असेल ते करारात वेगळे लिहावे लागते. कोणाचे भांडवल किती, चेकवर सह्या कोणाच्या, उधारी किती रकमेपर्यंत आणि कोणाच्या संमतीने, सोडून जाणाऱ्याचा हिशेब कसा, वारसाला काय द्यायचे, हे सर्व लिहा. मात्र आपसातली उधारीची मर्यादा दुकानदाराला माहीत नसेल तर त्याच्यापुढे ती सहसा टिकत नाही, हेही ध्यानात ठेवा. फर्मला नफ्यावर पहिल्या रुपयापासून ३० टक्के दराने आयकर लागतो, तोही हिशेबात धरा.

२००८ च्या कायद्याने मर्यादित दायित्वाची भागीदारी, म्हणजे एलएलपी, हा प्रकार आणला. त्यात एका भागीदाराच्या चुकीसाठी दुसऱ्याचे घरदार सहसा धोक्यात येत नाही. पण दरवर्षी सरकारकडे पत्रके भरावी लागतात, म्हणजे सी.ए.चा खर्च आला.

३) सहकारी संस्था

१९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हापासून सहकार आपल्या अंगवळणी पडला आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० नुसार किमान दहा सभासद लागतात आणि ते वेगवेगळ्या कुटुंबांतले हवेत. बाप, दोन मुले आणि सुना मिळून संस्था होत नाही. शेअर कितीही घ्या, मत एकच. लाभांशावर १५ टक्क्यांची मर्यादा आहे. दरवर्षी लेखापरीक्षण आणि मुदतीत निवडणूक हे ओघाने आलेच. नोंदणीसाठी तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे जावे. गाव एकजिनसी असेल आणि सचिव हिशेबाचा पक्का असेल, तरच या वाटेला जा.

४) शेतकरी उत्पादक कंपनी

डॉ. योगिंदर अलघ यांच्या समितीच्या शिफारशीवरून २००२ च्या दुरुस्तीने हा प्रकार कंपनी कायद्यात आला. किमान दहा उत्पादक शेतकरी लागतात. इथेही एका सभासदाला एकच मत. संचालक पाच ते पंधरा. मुख्य कार्यकारी अधिकारी पूर्ण वेळचा आणि सभासदांबाहेरचा असावा लागतो. जो जास्त माल कंपनीला देईल त्याला त्या प्रमाणात बोनस देता येतो. सभासदाची जबाबदारी त्याच्या शेअरपुरती. नाशिक जिल्ह्यातील मोहाडीच्या सह्याद्रीने द्राक्षात याच चौकटीतून मोठे काम उभे केले आहे.

पण गावोगावी फलक लावून बंद पडलेल्या कंपन्याही आपण पाहतो. कारण असे की धंदा नसला तरी लेखापरीक्षण चुकत नाही. वार्षिक हिशेब आणि वार्षिक विवरणपत्र भरायला उशीर झाला तर प्रत्येक पत्रकामागे दिवसाला १०० रुपये जादा शुल्क चढते. सलग तीन वर्षे पत्रके भरली नाहीत तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात. अनुदानाच्या आशेने कंपनी काढू नका. वर्षभर पुरेल एवढा माल आणि पगार निघेल एवढी उलाढाल आहे का, ते आधी कागदावर मांडा.

आणखी एक खबरदारी. ‘जबाबदारी मर्यादित’ असे कायदा म्हणतो, पण कर्ज देताना बँक बहुधा संचालकांची वैयक्तिक हमी मागते. त्या कागदावर सही केली की तेवढ्या कर्जापुरती मर्यादा संपली. सही करण्याआधी वाचा, समजले नाही तर विचारा.

भगिनींच्या बचत गटांबद्दलही विचारणा होते. बचत आणि लहान कर्जासाठी गट उत्तम. पण यंत्र, जागा आणि मोठी उधारी आली की वरीलपैकी एक रूप घ्यावे.

चार प्रश्न आधी

१) पैसा कोण आणि किती टाकणार?

२) रोज मिलवर कोण उभे राहणार?

३) बुडाले तर प्रत्येक जण किती सोसू शकेल?

४) उद्या एखाद्याला निघायचे असेल तर कसे निघणार?

सरपंच आणि ग्रामपंचायतीच्या अधिकाऱ्यांनाही विनंती आहे. ना-हरकत दाखल्यासाठी गट आला की एवढे चार प्रश्न त्यांना विचारा. पुढचे तंटे तिथेच कमी होतील.

त्या पाच जणांचे काय झाले?

पाचही जणांच्या घरी मी गेलो. एकाच्या आईने ओट्यावर बसूनच विचारले, ‘साहेब, दुसऱ्याच्या सहीनं आमचं वावर जाऊ शकते का?’ मी म्हणालो, ‘मावशी, तुमच्या पोराच्या हिश्श्यापुरते जाऊ शकते.’ ती म्हणाली, ‘मग आमचा पोरगा मजुरीनं दाळ करून घेईन, भागीदारी नाही करणार.’ पोरगा नाराज झाला, पण थांबला. ज्याच्यावर आधीच पीक कर्ज थकले होते, तोही मागे सरला. उरलेल्या तिघांनी नोंदणीकृत भागीदारी केली. फर्मच्या नावाने उधारी नाही आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वही तिघांसमोर वाचायची, असे करारात लिहून घेतले.

मागे हटलेल्या दोघांची तूर आता त्याच मिलवर जाते आणि पाचही जण अजून एकमेकांशी बोलतात. मला तर त्यात जास्त समाधान आहे.

तेव्हा कोटेशन आणण्याआधी घरात बसा, बायको आणि आई-वडिलांना विचारा, मग वकील किंवा सी.ए.कडे एक फेरी मारा. त्याची फी एका क्विंटल तुरीच्या आसपास गेली तरी हरकत नाही. एक एकर वाचते.