शुगरची गोळी, मेथीचे दाणे आणि उपोसथाचा दिवस

यंदाच्या भीमजयंतीआधीच्या रविवारी आमच्या वस्तीतल्या विहारात आरोग्य तपासणी शिबिर झाले. मी सरकारी रुग्णालयात औषधनिर्माता होतो, म्हणून दरवर्षी शुगर तपासण्याच्या टेबलावर मलाच बसवतात. दुपारी एक ओळखीचे काका आले. एसटीतून निवृत्त, वय ६४, मधुमेहाला अकरा वर्षे झालेली. बोटाला सुई टोचली आणि मीटरवर आकडा आला ३८६.

“काका, गोळ्या चालू आहेत ना?”

“बंद केल्या भाऊ. सहा महिने झाले. किती दिवस ते केमिकल खायचं? आता नैसर्गिक घेतो.”

त्यांनी पिशवीतून चूर्णाचा डबा काढून दाखवला. किंमत बाराशे रुपये, महिनाभर पुरणारा. सरकारी रुग्णालयाच्या खिडकीवर मेटफॉर्मिन फुकट मिळते. काकांच्या उजव्या तळव्यात चपलेचा खिळा घुसून जखम झाली होती आणि ती त्यांना जाणवलीच नव्हती. घरातल्या फरशीवर रक्ताचे डाग दिसले तेव्हा काकूंच्या लक्षात आले.

काका अडाणी नाहीत. गंडेदोरे आणि अंगात येणे यांवर ते तासभर बोलू शकतात आणि छान बोलतात. तरीही डब्यावर ‘शंभर टक्के नैसर्गिक’ छापलेले वाचून त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. मला राग आला तो त्यांचा नाही, त्या डब्याचा. ‘औषधी द्रव्ये व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती)’ कायदा १९५४ सालचा आहे. ज्या आजारांवर इलाज असल्याची जाहिरात करायला तो बंदी घालतो, त्या यादीत मधुमेह आहे. तरी ‘मधुमेह मुळापासून घालवा’ अशा जाहिराती रोज मोबाइलवर येतातच.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. गोळी घ्यावी की पथ्य, व्यायाम आणि घरगुती उपाय करावेत?

आधी एक फरक स्पष्ट करायला हवा. टाइप वन मधुमेहात शरीर इन्सुलिन जवळजवळ तयारच करत नाही. हा बहुधा लहान मुलांना आणि तरुणांना होतो. त्यांना इन्सुलिन हेच औषध आहे आणि ते बंद केले तर काही दिवसांत जीव जातो. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोमध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचले गेले. त्याआधी अशी मुले उपाशी ठेवून थोडे महिने जगवली जात. अशा मुलाच्या आईला कोणी ‘काढा द्या, इंजेक्शन बंद करा’ म्हणत असेल, तर त्याला तिथेच थांबवा.

आपल्याकडे बहुतेकांना असतो तो टाइप टू. यात इन्सुलिन तयार होते, पण शरीर त्याला नीट दाद देत नाही. स्वादुपिंड जास्त काम करत राहते आणि हळूहळू थकते. ब्रिटनमध्ये पाच हजारांहून अधिक रुग्णांचा वर्षानुवर्षे अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष १९९८ मध्ये आले. निदान झाले त्या दिवशीच रुग्णांच्या स्वादुपिंडाची ताकद साधारण निम्म्यावर आली होती, असे त्यात दिसले. ज्यांची साखर औषधांनी अधिक काटेकोर ठेवली, त्यांच्यात डोळे आणि मूत्रपिंडासारख्या बारीक रक्तवाहिन्यांची गुंतागुंत चतुर्थांशाने कमी झाली. ‘मला काही त्रास नाही, मग गोळी कशाला’ याचे उत्तर इथे आहे. त्रास जाणवतो तेव्हा नुकसान होऊन गेलेले असते. काकांच्या तळव्याची संवेदना एका रात्रीत गेली नव्हती.

‘केमिकल’ या शब्दाबद्दलही बोलायला हवे. मेटफॉर्मिनचा उगम एका वनस्पतीत आहे. गॅलेगा नावाचे झुडूप युरोपात जुन्या काळापासून औषधी म्हणून माहीत होते. त्यातल्या ज्या घटकाने साखर उतरते, त्याने जनावरांना विषबाधाही होते. ते झुडूप खाऊन मेंढ्या दगावतात. शास्त्रज्ञांनी त्या घटकाच्या जवळचे, पण कमी घातक संयुग प्रयोगशाळेत तयार केले. फ्रान्समधील डॉ. जाँ स्टर्न यांनी १९५७ मध्ये ते मधुमेहींवर वापरल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. म्हणजे काका ज्याला केमिकल म्हणून नाकारत होते, ती झाडपाल्याचीच मोजून मापून सुधारलेली मात्रा आहे.

हे १९५७ साल माझ्या मनातून जात नाही. बाबासाहेबांना मधुमेह होता. १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांचा विवाह झाला त्या डॉ. शारदा कबीर, म्हणजे माईसाहेब, स्वतः डॉक्टर होत्या आणि त्यांच्या पथ्यपाण्याची व उपचाराची काळजी त्यांनीच वाहिली. पाय दुखत, नजर मंदावत गेली, इन्सुलिन घ्यावे लागे, आणि त्याच अवस्थेत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ लिहून झाला. वयाच्या ६५ व्या वर्षी, ६ डिसेंबर १९५६ रोजी, त्यांचे महापरिनिर्वाण झाले. मेटफॉर्मिनचे निष्कर्ष आले ते पुढच्या वर्षी. आज ती गोळी जनऔषधी केंद्रात अगदी थोड्या पैशांत मिळते आणि आपण ती ‘सवय लागेल’ म्हणून उंबऱ्याबाहेर ठेवतो.

मग पथ्य आणि व्यायाम निरुपयोगी का? अजिबात नाही. या बाजूचा पुरावाही तितकाच भक्कम आहे. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या तीन हजारांहून अधिक लोकांवर झालेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी वजन सात टक्के घटवण्याचे आणि आठवड्याला दीडशे मिनिटे चालण्याचे ध्येय ठेवले, त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ३१ टक्क्यांनी. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी असाच अभ्यास भारतीयांवर केला, तो २००६ मध्ये आला. तिथे जीवनशैलीने सुमारे २८ टक्के आणि मेटफॉर्मिनने सुमारे २६ टक्के घट झाली. आपल्याकडे फायदा कमी दिसला, पण जीवनशैली गोळीच्या मागे पडली नाही.

उंबरठ्यावर असणे म्हणजे उपाशीपोटी साखर १०० ते १२५. १२६ किंवा अधिक आली आणि पुन्हा तपासल्यावरही तशीच राहिली, तर मधुमेह. वस्तीतल्या तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा ही तपासणी करावी. आरोग्य उपकेंद्रात ती मोफत होते. ‘मी तर सडपातळ आहे’ हे कारण चालत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे आणि त्यांच्या एका ब्रिटिश सहकाऱ्याचे उंची-वजनाचे गुणोत्तर अगदी सारखे होते. चरबी मोजली तर सहकाऱ्याच्या शरीरात ९ टक्के आणि याज्ञिकांच्या २१ टक्के. हातपाय बारीक आणि पोट पुढे, ही आपली ठेवण आहे.

मधुमेह झाल्यावरही तो मागे हटू शकतो का? काहींचा हटतो. ब्रिटनमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा वर्षांच्या आत निदान झालेल्या आणि इन्सुलिन न घेणाऱ्या रुग्णांना तीन ते पाच महिने रोज जेमतेम साडेआठशे कॅलरींचा आहार दिला. वर्षाअखेर ४६ टक्के जणांची साखर औषधाविना आटोक्यात होती. पंधरा किलो किंवा जास्त वजन उतरलेल्यांत तर ८६ टक्के. दुसऱ्या वर्षाअखेर मात्र ४६ चे ३६ झाले, कारण वजन परत चढते. त्या रुग्णांच्याही गोळ्या बंद केल्या होत्या, पण डॉक्टरांनी, पहिल्या दिवसापासून नोंदी ठेवत. काकांच्या मधुमेहाला अकरा वर्षे झाली होती, वजन जैसे थे होते आणि सहा महिने कोणी साखर मोजलीच नव्हती. गोळ्या दोघांच्याही बंद झाल्या, बाकी काहीच सारखे नव्हते.

आता मेथी-कारल्याचे. मेथीत विरघळणारा तंतू असतो, तो साखर रक्तात जाण्याचा वेग कमी करतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने यावर काम केले आहे. पण अशा प्रयोगांत मेथीची मात्रा दिवसाला २५ पासून १०० ग्रॅमपर्यंत होती. आपण रात्री भिजवतो ती चमचाभर, म्हणजे चार-पाच ग्रॅम. कारल्याची मेटफॉर्मिनशी तुलना झाली तेव्हा कारले कमी पडले. जांभळाच्या बिया, दालचिनी, गुडमार यांवरचे अभ्यास लहान आणि थोड्या काळाचे आहेत. मेथी खा, कारल्याची भाजी जरूर खा, ती अन्न म्हणून उत्तम आहे. गोळीच्या जागी नको. दुधीचा रस घेणाऱ्यांनी आधी चव बघावी. कडू लागला तर तो विषारी असू शकतो, टाकून द्यावा. २०११ मध्ये आयसीएमआरच्या तज्ज्ञ समितीने हेच सांगितले आहे. आणि एखाद्या चूर्णाने आठ दिवसांत साखर झपाट्याने उतरली तर खूश होण्याआधी शंका घ्या. ‘वनौषधी’ म्हणून विकलेल्या पुड्यांत तपासणीअंती ॲलोपॅथीच्याच गोळ्यांची भुकटी सापडल्याची उदाहरणे आहेत. मात्रा किती, हे मग कोणालाच ठाऊक नसते.

जेवणाबद्दल थोडेच. ज्वारीची भाकरी चांगली, पण ‘कितीही चालते’ हे खरे नाही. दोनच्या चार झाल्या की साखर चढणारच. अर्धे ताट भाजी आणि कोशिंबीर, पाव ताट डाळ, अंडी, मासळी किंवा चिकन, उरलेल्या पावात भाकरी किंवा भात. सुकट-बोंबलाला बिचकू नका, फक्त मीठ जपा, विशेषतः रक्तदाब असेल तर. बुद्धपौर्णिमेच्या खिरीची वाटी दोन चमच्यांवर आणा. दानाचा मान तेवढ्यानेही राहतो.

‘मेटफॉर्मिनने किडनी जाते’ असे सर्रास ऐकू येते. किडनी खराब होते ती वर्षानुवर्षे चढलेल्या साखरेने आणि रक्तदाबाने. किडनी आधीच कमजोर असेल तर मात्र गोळीची मात्रा कमी किंवा बंद करावी लागते, म्हणून वर्षातून एकदा क्रिएटिनिन तपासा. ही गोळी सुरुवातीला पोट बिघडवते आणि अनेक वर्षांनी बी-१२ कमी करू शकते. दोन्हींवर उपाय आहेत, डॉक्टरांना सांगा.

विदर्भातल्या आपल्या समाजासाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. आपल्यात सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी ही तपासणी लाल पेशींच्या आयुष्यावर अवलंबून असते. एसएस पॅटर्न असलेल्यांच्या लाल पेशी लवकर मरतात, त्यामुळे हा आकडा खोटाच कमी येतो. एएस पॅटर्नमध्ये तो प्रयोगशाळेच्या पद्धतीवर अवलंबून असतो. ‘एचबीए१सी सहा आले, गोळ्या सोडल्या’ असे करण्याआधी डॉक्टरांना पॅटर्न सांगा आणि उपाशीपोटीची व जेवणानंतरची साखरही तपासून घ्या.

राहिला वर्षावासाचा विषय. आषाढी पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत अनेक उपासक-उपासिका उपोसथाला अष्टशील घेतात. दुपारी बारानंतर जेवण नाही, म्हणजे दुसऱ्या सकाळपर्यंत सतरा-अठरा तास पोट रिकामे. फक्त मेटफॉर्मिन घेणाऱ्याला यात धोका कमी. पण ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन घेणाऱ्याची साखर रात्री झोपेतच ७० च्या खाली जाऊ शकते. दोन वेळांच्या जेवणाची पद्धत स्वतःच्या मनाने सुरू करणाऱ्यांनाही हाच धोका आहे. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांवर लांब उपास केला तर रक्तात आम्ल वाढण्याची भीती असते. म्हणून उपोसथाच्या आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारा, त्या दिवशीची मात्रा ते बदलून देतील. विनयपिटकाच्या महावग्गात औषधांवर स्वतंत्र प्रकरण आहे. आजारी भिक्खूंना तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी अवेळीही घेण्याची मुभा तिथे तथागतांनी दिली आहे. तेव्हा घाम फुटला, हात थरथरू लागले, भोवळ आली तर शील मोडेल म्हणून थांबू नका. तीन-चार चमचे साखर किंवा गूळ पाण्यात विरघळवून लगेच प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर तपासा, मग थोडे खा. माणूस बेशुद्ध असेल तर त्याच्या तोंडात काहीही ओतू नका. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन लावा.