खिडकीपलीकडचं कॉलेज

1 जून ते 31 जुलै हे 61 दिवस महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. मालवण, देवबाग, आचऱ्याच्या किनाऱ्यांवर होड्या ओढून घेतात, जाळी घरात येतात आणि त्यांच्यामागे घरात येणारा रोख पैसाही थांबतो. दहावी-बारावी झालेल्या मुलांचे प्रवेश नेमके याच दोन महिन्यांत होतात. कॉलेजच्या कार्यालयाच्या खिडकीपुढे छत्री मिटून उभ्या राहिलेल्या आईच्या पिशवीत दाखल्यांची प्लास्टिकची फाइल असते. तिचा पहिला प्रश्न असतो, "फी आताच भरूची काय?"

खिडकीपलीकडे बसलेल्या माणसाला याचं नेमकं उत्तर ठाऊक आहे का, हा आजचा विषय.

अमेरिकेतल्या विद्यापीठांत प्रवेश अधिकारी हे स्वतंत्र पद असतं. आपल्या संस्थेची ओळख करून देणं हा त्याच्या बारमाही कामाचा भाग. आपल्याकडे खिडकीत बसतो तो लिपिक. एरवी बोनाफाइड, परीक्षेचे अर्ज, शिष्यवृत्ती आणि पगारपत्रकं यांत तो बुडालेला असतो. त्याच्या शेजारी प्रवेश समितीतले प्राध्यापक बसतात. रिक्त पदांमुळे अनेक विषय तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर चालतात आणि त्यांची नेमणूक दरवर्षी नव्याने होते, बहुतेकदा प्रवेश आटोपल्यावर. त्यामुळे जो माणूस वर्षभर तो विषय शिकवणार, तोच जूनमध्ये कॉलेजात नसतो. त्या विषयाबद्दल विचारणाऱ्या मुलीला कोणीतरी सांगतं, "सर येतले तेंका विचार." सर कधी येणार, हे सांगणाऱ्यालाही माहीत नसतं.

आपली मुलं अभ्यासात कमी नाहीत. 2025 च्या बारावीत राज्याचा निकाल 91.88 टक्के लागला, कोकण मंडळाचा 96.74 टक्के. पण घरात पदवीपर्यंत शिकलेलं कोणीच नाही, अशी घरं किनाऱ्यावर अजून पुष्कळ आहेत. पुण्या-मुंबईतल्या मुलांना क्लासवाले असतात, सल्लागार असतात, आधी त्याच वाटेने गेलेला मावसभाऊ असतो. इथल्या मुलीला खिडकीतला माणूसच सल्लागार. मालवणचं स. का. पाटील सिंधुदुर्ग महाविद्यालय असो, सावंतवाडीचं पंचम खेमराज किंवा वेंगुर्ल्याचं खर्डेकर महाविद्यालय असो, ही कॉलेजं मुंबई विद्यापीठाशी संलग्न, आणि विद्यापीठ इथून जवळपास पाचशे किलोमीटरवर. शंका विचारायला मुंबईत फोर्टात कोण जाणार?

आता खिडकीतल्या या माणसाला काय काय ठाऊक असावं लागतं ते पाहा. संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून नवीन शैक्षणिक धोरणाची पदवी सुरू झाली. मेजर आणि मायनर, खुला ऐच्छिक, कौशल्याचे आणि मूल्यशिक्षणाचे विषय, भारतीय ज्ञानप्रणाली, असं सगळं मिळून वर्षाला 40 ते 44 श्रेयांक. पहिल्या वर्षानंतर बाहेर पडलं तर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी, चौथ्यानंतर ऑनर्स. हे सगळं माहितीपुस्तिकेत छापलेलं असतं. छापलेलं नसतं ते असं, की यादीत मायनरसाठी सहा विषय असले तरी वेळापत्रकात दोनच बसतात, कारण शिकवायला माणूस नाही. उरलेले विषय कागदावरच राहतात, हे कॉलेजातल्या शिपायाला ठाऊक असतं. खिडकीत त्याला कोणी विचारत नाही. मुलगी घरी जाऊन भूगोल की अर्थशास्त्र यावर चार दिवस विचार करते आणि ऑगस्टमध्ये तिला कळतं की भूगोल नाहीच. या अज्ञानाची सर्वांत जास्त चीड मला येते, कारण ते टाळायला पैसा लागत नाही. वेळापत्रक करणाऱ्या प्राध्यापकाने लिपिकाशी अर्धा तास बोललं की पुरे.

नावांचा गोंधळ आणखी अवघड आहे. 2024 पासून बीबीए, बीसीए, बीएमएस हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या कक्षेत आले आणि त्यांच्या प्रवेशासाठी राज्याची सीईटी लागू झाली. त्यानंतर मुंबई विद्यापीठाच्या काही महाविद्यालयांत बीएमएसच्या जागी बी.कॉम. मॅनेजमेंट स्टडीज असं नाव आलं. वर्ग त्याच इमारतीत, शिकवणारे बहुतेक तेच. पण एकाला सीईटी लागते, दुसऱ्याला लागत नाही. आणि पैशाचा प्रश्नही इथेच येऊन जुळतो. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्काचा पन्नासऐवजी शंभर टक्के लाभ मिळाला. त्यासाठी अभ्यासक्रम व्यावसायिक म्हणून मान्य असावा लागतो आणि प्रवेश केंद्रीय फेरीतून झालेला असावा लागतो. म्हणजे "फी आताच भरूची काय?" याचं उत्तर द्यायचं तर लिपिकाला आपल्याच कॉलेजातल्या प्रत्येक अभ्यासक्रमाचं नाव, मान्यता आणि प्रवेशाची वाट ठाऊक हवी. ती ठाऊक नसली की तो सावधपणे म्हणतो, आधी भरा, मागाहून महाडीबीटी पोर्टलवर बघू. बंदीच्या महिन्यात "आधी भरा" म्हणजे काय, हे किनाऱ्यावरच्या कोणत्याही बाईला विचारावं. दागिना सोसायटीत जातो.

अकरावीचीही तीच गत. 2025-26 मध्ये पहिल्यांदाच अख्ख्या राज्यात अकरावीचे प्रवेश केंद्रीय ऑनलाइन झाले. तोवर आपल्या तालुक्यांत मूल शाळेचा दाखला घेऊन कॉलेजात जायचं, लिपिक त्याच्या वडिलांना नावाने ओळखायचा आणि विषय तिथेच ठरायचे. आता दहापर्यंत पसंतीक्रम भरायचे आणि पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर तिथे प्रवेश घ्यायलाच हवा, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाद. कर्मचाऱ्यांची प्रशिक्षणं झाली ती पोर्टलची: लॉगिन, कागद पडताळणी, ओटीपी. त्यातून पोर्टल कळलं, कॉलेज कळायचं राहिलं.

आणि एसटी. प्रात्यक्षिक साडेचारला सुटतं की साडेपाचला, आणि त्यानंतर आचऱ्याकडे गाडी आहे का, हे कुठल्याच माहितीपुस्तिकेत मी कधी वाचलेलं नाही. विज्ञान शाखा घ्यायची की नाही, हे कित्येक मुलींच्या घरात याच उत्तरावर ठरतं. ग्रामीण भागातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा मोफत पास मिळतो तो बारावीपर्यंत. पदवीच्या पहिल्या वर्षाला तो संपतो आणि विद्यार्थी सवलतीचा, म्हणजे एक तृतीयांश भाड्याचा, पास काढावा लागतो. रक्कम लहान वाटेल. रोज दोन्ही वेळचा प्रवास करणाऱ्या घराला ती आधी कळायला हवी.

नॅकच्या मूल्यांकनात शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचाही विचार होतो. मग मेच्या शेवटच्या आठवड्यातला एक दिवस कॉलेजांनी त्यासाठी द्यावा. खिडकीत बसणाऱ्या सगळ्यांनी आपलंच कॉलेज फिरून पाहावं, प्रयोगशाळेत किती टेबलं चालू आहेत ते मोजावं, वेळापत्रक करणाऱ्यांकडून खरोखर चालणाऱ्या विषयांची यादी घ्यावी. गेल्या वर्षी प्रवेश घेतलेल्या दोन मुलींना बोलवावं, एक देवबागची, एक आडवलीसारख्या आतल्या गावची, आणि त्यांना एवढंच विचारावं, की जूनमध्ये आम्ही तुम्हाला काय सांगितलं नव्हतं? त्या सांगतील ते एका वहीत लिहून वही खिडकीत ठेवावी. पहिल्या पानावर मालवण आगारातून संध्याकाळी सुटणाऱ्या गाड्यांच्या वेळा असाव्यात.