तलाव वाचवायचा तर आधी त्याच्याकडे येणारी वाट मोकळी ठेवा

खुलताबाद परिसरात पडलेले पाणी कुठे जाते, ते आधी पाहू. म्हैसमाळच्या डोंगररांगेतून गिरिजा पूर्वेकडे फुलंब्रीच्या दिशेने जाते. येळगंगा वेरूळकडे उतरते आणि पावसाळ्यात एकोणतिसाव्या लेण्याजवळ धबधबा होऊन कोसळते. जमिनीखाली काळा बेसॉल्ट आहे. पाणी मुरते ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत, तेही मोजकेच. म्हणून जुन्या वस्तीसाठी तलाव मोलाचे होते. गंज रवां गंज बख्श यांच्या दर्ग्याजवळचा ‘परियों का तालाब’ आजही ती आठवण देतो. पण असा तलाव त्याच्या काठाने जगत नाही, वरच्या उतारावरून येणाऱ्या ओढ्यांनी जगतो. वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस धरला, तर एका हेक्टरवर ७० लाख लिटर पाणी पडते. तिथे मुरूम सपाट करून, डांबरी रस्ते टाकून प्लॉट पाडले की हे पाणी मुरायचे थांबते आणि मिळेल त्या वाटेने वाहून जाते. काठाला कुंपण घातले, कारंजे बसवले, तरी वरची वाट बुजलेला तलाव कोरडाच राहणार.

खुलताबादला घरे नकोत, असे कुणी म्हणणार नाही. २०११च्या जनगणनेत १५ हजारांच्या आसपास वस्ती असलेले हे गाव वाढणारच. छत्रपती संभाजीनगर अवघ्या २५ किलोमीटरवर आहे, आणि वेरूळ, भद्रा मारुती, दर्गे यांमुळे इथे बारमाही वर्दळ असते. नुसत्या बंदीने काय होते, हे संभाजीनगरच्या गुंठेवारी वस्त्यांनी दाखवले आहे. परवडणारे अधिकृत घर मिळाले नाही, तेव्हा माणसांनी बॉण्डवर गुंठा-गुंठा घेतला. मग २००१चा गुंठेवारी कायदा आला, आणि २०२१मध्ये त्याची मुदत डिसेंबर २०२०पर्यंतच्या बांधकामांपर्यंत वाढवली गेली. त्यात राहणाऱ्यांना दिलासा मिळाला, आणि तो मिळायलाच हवा होता. पण बांधकाम नियमित करता येते, बुजलेला नाला परत आणता येत नाही. म्हणून कुठे बांधायचे हे ठरवण्याआधी कुठे बांधायचे नाही, हे नकाशावर आले पाहिजे. उरलेल्या जागेत, विशेषतः गावठाणालगत, दाट आणि उंच बांधायला मोकळीक द्यावी. एकाच जागी चार कुटुंबे राहिली, तर उतारावरचे तीन प्लॉट वाचतात. संरक्षित वास्तूंपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीची अट आहे, हे मात्र इथे लक्षात ठेवावे लागेल.

पाणथळींसाठी कायदा आहेच, मग आराखड्याची उठाठेव कशाला, असे विचारले जाते. पण २०१७च्या पाणथळ नियमांनी पिण्याच्या पाण्यासाठी आणि सिंचनासाठी बांधलेले तलाव व्याख्येतूनच वगळले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने संरक्षण दिले ते सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या, उपग्रह-नकाशात नोंदलेल्या पाणथळींना. खुलताबादसारख्या गावातले माणसाने बांधलेले तलाव आणि लहान ओढे या दोन्हींच्या फटीतून निसटतात. त्यांचा आधार आहे तो नगररचना कायद्याखालचा विकास आराखडा. शिवाय ०.४ हेक्टर आणि त्याहून मोठ्या लेआउटमध्ये दहा टक्के मोकळी जागा सोडावीच लागते. ती बहुतेकदा उरल्यासुरल्या कोपऱ्यात ढकलली जाते. तीच ओढ्याकाठी सलग सोडण्याचा आग्रह धरला, तर एक गुंठाही जास्त न घेता पाण्याची वाट राखता येईल.

सर्वांत वजनदार आक्षेप शेतकऱ्याचा आहे. उतारावरची हलकी जमीन पिकवून भागत नाही. मुलीच्या लग्नाला, मुलाच्या शिक्षणाला तीच विकायची असते. साऱ्या गावाच्या पाण्याचा भार एका सातबाऱ्यावर टाकणे अन्याय आहे. लहान गावात विकास हक्क हस्तांतरणालाही गिऱ्हाईक मिळणे कठीण, म्हणून मोबदला रोख हवा. म्हैसमाळ, वेरूळ, खुलताबाद आणि शुलिभंजन यांचा एकत्रित पर्यटन विकास आराखडा राज्य सरकारने आखलेला आहे. पर्यटक ज्या हिरव्या डोंगरासाठी येतो, त्याचे पाणलोट राखणाऱ्याला त्यातूनच पैसे मिळणे रास्त ठरेल.

भूमी अभिलेख कार्यालयातल्या गावनकाशात ओढे-नाले दाखवलेले असतात. नगर परिषदेने ते विकास आराखड्यावर उतरवावेत आणि तोवर उतारावरच्या नव्या लेआउटला मंजुरी देऊ नये. आणि प्लॉट घेणाऱ्यांनी इसार देण्याआधी हा नकाशा एकदा स्वतः पाहावा.