पाणी न पिता केलेला बाजार

माझं माहेर धुळ्याचं, सासर जळगावचं. मधे एरंडोल, पारोळा धरून नव्वद-पंचाण्णव किलोमीटरचा रस्ता. गेली तीस वर्षं या रस्त्यानं ये-जा करते आहे. दोन्ही गावं तशी वेगळी. बोली वेगळी, भाजीची फोडणी वेगळी, बाजाराचा थाट वेगळा. पण दोन्ही घरांत एक गोष्ट अगदी सारखी. बाजाराच्या दिवशी घरातून निघताना बाई पाणी पीत नाही.

आई कधीच पीत नसे. सकाळी कपभर चहा झाला की दुपारी घरी परत येईपर्यंत घोटभरही नाही. खानदेशातल्या बेचाळीस-चव्वेचाळीस अंशांच्या उन्हातसुद्धा नाही. लहानपणी मला वाटायचं, तिचा काही नेम असेल. सासरी आले तर सासूबाईंचंही तेच! "अहो आई, ग्लासभर पाणी तरी घेऊन निघा," म्हटलं की त्या म्हणायच्या, "नको गं, मग पंचाईत होते."

पंचाईत म्हणजे काय, ते प्रत्येक बाईला न सांगता कळतं. हळूहळू मीही तशीच वागायला लागले. मग व्हायचं तेच झालं. जळजळ, ताप, लघवीचा संसर्ग. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दिवसभरात पाणी किती पिता?" म्हटलं, "घरी असले तर भरपूर. बाहेर असले तर नाही." त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "गोळ्या मी देते. पण हे दुखणं तुमच्या बाजारातलं आहे, त्यावर माझ्याकडे औषध नाही."

त्या दिवसापासून गावातून फिरताना माझी नजरच बदलली. मैत्रिणींनो, शहराचा विकास म्हटलं की आपल्यासमोर उड्डाणपूल, रुंद रस्ते, काचेच्या इमारती येतात. मी मात्र चारच गोष्टी पाहायला लागले. चालायला रस्त्याची कडा आहे का? रस्ता ओलांडता येतो का? टेकायला जागा आहे का? आणि मोकळं होऊन यायला दार असलेली स्वच्छ जागा आहे का?

एकदा एका मोठ्या बाजारपेठेत पावणेदोन तास फिरले. चौघींना विचारलं. दोघींनी मान हलवली, तिसरीनं एका कुलुपाकडे बोट दाखवलं आणि चौथी म्हणाली, "घरी जाऊन या." गाव कुठलं ते सांगत नाही. वाचणारीला ते आपलंच वाटेल.

हे असं पूर्वीपासूनच होतं का? मी आईला विचारलं. ती म्हणाली, "बेटा, आमच्या वेळेला गल्ल्यांत घरं होती ना!"

तिच्या या एका वाक्यानं मला खूप काही कळलं.

धुळ्याच्या जुन्या पेठेची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. १८१८ मध्ये इंग्रजांचा अंमल आल्यावर कॅप्टन ब्रिग्ज या अधिकाऱ्यानं खानदेशाच्या कारभारासाठी धुळं निवडलं. बाहेरगावच्या व्यापाऱ्यांना जागा देऊन बोलावलं आणि सरळ रस्त्यांची नवी पेठ वसवली. आजही धुळ्यात पत्ता सांगायचा तर गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच असाच सांगतात. या पेठेत खाली दुकान, वर किंवा मागे घर. दारापुढे ओटा. आई सांगते, पाय दुखले की कुणाच्याही ओट्यावर टेकायचं. घरातली बाई तांब्याभर पाणी आणून द्यायची. "मागे मोरी आहे हो," असं हळूच सांगायची. ओळख लागतेच असं नाही. बाजारात बाई बसलेली असायची, म्हणून बाजारात आलेल्या बाईची सोय व्हायची.

जळगावातही तेच. रेल्वे आली, कापसाचा व्यापार वाढला आणि हे गाव फुगत गेलं. १९०६ मध्ये खानदेशाचे दोन जिल्हे झाले तेव्हा पूर्व खानदेशाचं ठाणं जळगाव झालं आणि पश्चिम खानदेशाचं धुळं. पेठा भरल्या. सराफ बाजार, दाणा बाजार, बळीराम पेठ, नवी पेठ. इथेही दुकानामागे संसार होता.

मग गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत काय झालं? संसार उठून कॉलन्यांमध्ये गेले. धुळ्यात देवपूरकडे, जळगावात रिंग रोडच्या पलीकडे. ओट्याची जागा शटरनं घेतली. मोरीच्या जागी गोदाम आलं. बाजार दुप्पट-तिप्पट झाला, पण बाजारातलं घर गेलं. आणि घराबरोबर आपली ती न बोलता होणारी सोयही गेली. शहरानं तिच्या बदल्यात काही दिलं नाही, कारण अशी काही सोय होती हे नकाशावर कधी लिहिलेलंच नव्हतं!

पण इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. आईनं ज्या ओट्यांची आठवण काढली, ते ओटे सगळ्यांसाठी नव्हते. तांब्या पुढे करण्याआधी कुणाची कोण ते पाहिलं जायचं. गवताचा भारा घेऊन आलेल्या बाईला त्या ओट्यावर कुणी बसू दिलं नसतं. म्हणून "जुनं ते सोनं" म्हणून मी गळा काढणार नाही. जुन्या ओट्याला उत्तर म्हणजे सार्वजनिक ओटा. जिथे बसायला आडनाव सांगावं लागत नाही आणि काही विकतही घ्यावं लागत नाही.

सार्वजनिक जागेचं मोल आम्हा जळगावकरांना ठाऊक आहे. महात्मा गांधी उद्यान, काव्यरत्नावली चौकाजवळचं भाऊंचं उद्यान, मेहरूण तलावाचा काठ... संध्याकाळी तिथे पाहा. आजी नातवाला घेऊन बसलेली असते, दोघी मैत्रिणी चालताना पोटभर बोलून घेतात. जागा नीट असली, उजेड असला की बायका आपोआप येतात, बोलवावं लागत नाही. प्रश्न एवढाच आहे की, हे सगळं फिरायला जाणाऱ्यांसाठी आहे. कामाला आलेल्या बाईचं काय? ती बागेत जात नाही, बाजारात जाते.

तिची फेरी कशी असते, तुम्हीच आठवा. लाइटबिल, सासऱ्यांची औषधं, शिंप्याकडचा ब्लाउज, मुलीची वही, किराणा, शेवटी भाजी. एका फेरीत सहा कामं, हातात दोन पिशव्या आणि कडेवर एखादं मूल. पुरुष बहुधा एका जागी जातो आणि परत येतो, तेही गाडीवर. रस्ते त्याच्या फेरीसाठी आखले जातात.

हे फक्त आपलंच गाऱ्हाणं आहे असं समजू नका. युरोपातल्या व्हिएन्ना या शहरानं १९९९ मध्ये आपल्या नागरिकांना विचारलं, तुम्ही कुठे कुठे आणि कसे जाता? पुरुषांची उत्तरं झटपट संपली. घरून कामावर, कामावरून घरी. बायकांची उत्तरं मात्र संपेनात! मुलाला दवाखान्यात, मग शाळेत, मग बाजार, मग आईकडे. त्या शहरानं मग पदपथ रुंद केले, दिवे वाढवले, पायऱ्यांच्या जागी बाबागाडी नेता येईल असे उतार केले. बागांचीही पाहणी केली. नऊ-दहा वर्षांनंतर मुली बागेत येईनाशा होतात असं दिसलं, कारण सगळं मैदान मुलांनी व्यापलेलं. मग बागांमध्ये वेगवेगळे कोपरे केले, बसायच्या जागा वाढवल्या, तेव्हा मुली परत आल्या. खर्च फार नव्हता, आधी विचारलं गेलं एवढंच.

आपल्याकडे विचारलं गेलं नाही की काय होतं, ते जळगावनं पाहिलं आहे. राष्ट्रीय महामार्ग शहराच्या अंगातून जातो. एका बाजूला घर, दुसऱ्या बाजूला शाळा. या रस्त्यानं कितीतरी घरांतली माणसं नेली. समांतर रस्त्यांसाठी लोकांना वर्षानुवर्षं आंदोलनं करावी लागली, तेव्हा कुठे प्रभात चौकासारख्या ठिकाणी खालून जाण्याचे बोगदे झाले. शिवाजीनगरचा रेल्वेवरचा इंग्रजांच्या काळातला पूल २०१९ मध्ये पाडला, नवा वाहता व्हायला २०२२ उजाडलं. पूल जुना होता, पाडणं भागच होतं. पण मधल्या काळात रुळांपलीकडच्या बाईचा वळसा कुणी मोजला? दूध, शाळा, दवाखाना, प्रत्येक वेळी तोच वळसा. हातात पिशवी असताना एक किलोमीटर किती लांब होतो, हे पिशवी उचलणारीलाच कळतं.

धुळ्यात वेगळी तऱ्हा. मुंबई-आग्रा महामार्ग बाहेरून गेला आणि गावातला आग्रा रोड बाजार झाला. ट्रकची भीती गेली, ही चांगलीच गोष्ट. आता तिथे गाड्या, हातगाड्या आणि पायी माणूस एकाच पट्टीत. पाचकंदीलच्या गर्दीत लेकराचं बोट घट्ट धरून चालणाऱ्या बाईला विचारा, तिचे डोळे दुकानांकडे असतात की चाकांकडे?

आणि हो, दोष हातगाडीवाल्या बाईचा नाही. ती तर आपल्यापेक्षा जास्त भोगते. आपण दोन तास असतो, ती दहा तास असते. पाथारीवर भाजी लावून बसलेल्या एका आजीला मी विचारलं, "मावशी, दिवसभर तहान लागत नाही का?" तिनं पदरानं तोंड पुसलं. म्हणाली, "दिनभर चूळ भरस व माय, गिळस नही."

चूळ भरते, गिळत नाही! मला रात्री झोप लागली नाही.

या आजीसाठी कायदा आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार प्रत्येक शहरात समिती असायला हवी. तिच्यात किमान चाळीस टक्के सदस्य खुद्द विक्रेते आणि त्यांतल्या एकतृतीयांश बायका. विक्रीची जागा कुठे, तिथे सोयी कोणत्या, हे या समितीत बोलायचं असतं. पण तिथे बसून "आधी संडास कुठे ते सांगा" असं म्हणणारी बाई हवी ना!

प्रवासाचंही असंच. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. गावोगावच्या बायका माहेरी, बाजाराला, दवाखान्यात जाऊ लागल्या. पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना तर २०२२ पासून एसटी फुकट आहे. केंद्रानं २०२३ मध्येच शहरांसाठी दहा हजार ई-बसची योजना मंजूर केली, तीन लाखांवर वस्ती असलेल्या शहरांसाठी. २०११ च्या जनगणनेत जळगाव चार लाख साठ हजार आणि धुळं पावणेचार लाख. म्हणजे दोन्ही या मापात बसतात. बस हवीच. पण नुसती बस म्हणजे प्रवास नव्हे. थांब्यावर सावली हवी, बाक हवा, संध्याकाळी सातला दिवा हवा. आणि उतरल्यावर पुढचे चार तास काढता येतील असा बाजार हवा.

तेव्हा मैत्रिणींनो, नुसतं हळहळून चालणार नाही. मुंबईत २०११ मध्ये बायकांच्या संघटनांनी "राईट टू पी" ही चळवळ सुरू केली, तेव्हा लोक हसले होते. बायका वस्त्या-बाजारांतून फिरल्या, मुताऱ्या मोजल्या, कुलुपं मोजली, पैसे कुठे घेतात ते लिहिलं. आकडे समोर ठेवल्यावर हसणं थांबलं. आपल्या राज्यात २०११ पासून पालिकांमध्ये निम्म्या जागा बायकांच्या आहेत. महिला व बालकल्याणासाठी अंदाजपत्रकात पाच टक्के रक्कम राखून ठेवायची असते. ती शिलाई मशीन आणि मेळाव्यांवरच का संपावी?

भिशीत, हळदीकुंकवाला दहा-बारा जणी जमतोच. एक दिवस सगळ्या मिळून बाजारातून एक फेरी मारा. वही घ्या. बाक किती, दिवे किती, पाणी कुठे, कुलूप कुठे, एवढंच लिहा. खाली सह्या करा आणि आपल्या नगरसेविकेच्या हातात द्या. तीही बाईच आहे, तिलाही पंचाईत होतच असणार!

परवा आईला फोन केला. "ये ना जळगावला चार दिवस. तुला आता तिकीटही नाही." ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "तिकिटाचं नाही बेटा... रस्त्यात पंचाईत होते."

आयुष्यभर एवढ्या कष्टानं संसार ओढलेली माझी आई, लेकीकडे यायला या एका कारणासाठी कचरते. ती तांब्याभर पाणी पिऊन, निश्चिंत मनानं गाडीत बसेल, त्या दिवशी माझ्या दोन्ही गावांचा विकास झाला असं मी म्हणेन.