यादीत नाव आहे, शोधात नाही

अंधेरीतल्या वकिलांची हजारो ओळींची यादी एखाद्या संकेतस्थळावर आहे असे समजा. शोधचौकटीत ‘ॲड.’ टाइप केले की निम्मी नावे गायब! मराठी याद्यांतली ही हमखास अडचण. ‘ॲ’ हे अक्षर तीन प्रकारे साठवले जाते: २००८ साली युनिकोडमध्ये आलेले स्वतंत्र ‘ॲ’, ‘अ’ला जोडलेला चंद्र, आणि ‘अ’ व चंद्र यांच्यामध्ये न दिसणारे जोडचिन्ह. डोळ्यांना तिन्ही सारखीच, संगणकाला वेगळी. युनिकोडची प्रमाणीकरणाची पद्धत ‘ऱ’चे दोन प्रकार एक करते, पण ‘ॲ’चे करत नाही. तो नियम आपणच लिहावा लागतो आणि तो यादीतल्या मजकुराला व शोधशब्दाला, दोन्हींना लावावा लागतो. पिनकोडचेही तेच: ४०००५८ मराठी अंकांत शोधले आणि यादीत इंग्रजी अंक असले, तर अंधेरी पश्चिम सापडतच नाही.

अशा यादीचा तक्ता फार हळू चालत असेल तर बहुधा सगळ्या ओळी एकदमच ब्राउझरवर लादलेल्या असतात. शोध आणि पानांची विभागणी सर्व्हरकडे द्यावी. प्रत्येक अक्षरागणिक नव्हे, टाइप करणारा क्षणभर थांबल्यावर शोध घ्यावा.

मोबाइलवर कमी महत्त्वाचे रकाने लपवावेत. नाव आणि फोन मात्र कधीच नाही. बंद टॅबमधल्या तक्त्याची शीर्षके रकान्यांपासून सरकली, तर टॅब उघडल्यावर रुंदी पुन्हा मोजायला लावावी. पण दुरुस्ती सुरू करण्याआधी ‘ॲ’ तपासा.