दुसऱ्यांदा हात ठेवला तेव्हा

मार्कच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायात एका आंधळ्याची गोष्ट आहे. बेथसैदाची माणसं त्याला येशूकडे घेऊन येतात. येशू त्याचा हात धरून त्याला गावाबाहेर नेतो, डोळ्यांना थुंकी लावतो, त्याच्यावर हात ठेवतो आणि विचारतो, काही दिसतं का? तो माणूस खरं तेच सांगतो. माणसं दिसताहेत, पण चालत्या झाडांसारखी. मग येशू पुन्हा त्याच्या डोळ्यांवर हात ठेवतो आणि त्याला सगळं स्वच्छ दिसू लागतं. येशूने बरं केलेल्या कितीतरी माणसांच्या गोष्टी चारही शुभवर्तमानांत आहेत. पण दोन टप्प्यांत दृष्टी मिळालेला माणूस हा एकटाच, आणि तो फक्त मार्कमध्ये भेटतो.

आमच्या नगरला चर्चच्या मागच्या खोलीत मोठ्या माणसांचा बायबल वर्ग भरतो. मी शाळेतून निवृत्त झाले तेव्हापासून तो घेते. ही गोष्ट वाचली त्या दिवशी एस. टी.तून निवृत्त झालेल्या एका कंडक्टरांनी विचारलं, "बाई, प्रभूला पहिल्यांदा जमलं नाही की काय?" वर्गात एकदम शांतता झाली. मला मात्र प्रश्न फार आवडला. मी म्हटलं, "पुढचं वाचा."

पुढच्याच ओळींत येशू शिष्यांना विचारतो की मी कोण आहे असं तुम्हाला वाटतं. पेत्र ताडकन बरोबर उत्तर देतो: तू ख्रिस्त आहेस. पण ख्रिस्ताला दुःख सोसावं लागेल, मरावं लागेल, असं येशू सांगू लागताच तोच पेत्र त्याला बाजूला घेऊन दटावू लागतो. पेत्राला दिसलेलं खरं होतं, पण अर्धंच दिसलं होतं. मार्कने आंधळ्याची गोष्ट नेमकी इथे, पेत्राच्या शेजारी ठेवली आहे. आंधळ्याला झालेला पहिला स्पर्श वाया गेलेला नाही. त्याने उजेड आणला, आणि धूसर दिसतंय हे कबूल करणाऱ्याला दुसरा स्पर्श मिळाला.

ख्रिस्ती नसलेल्या वाचकांना बाप्तिस्मा हा शेवट वाटतो. माणसाने सगळं तपासलं, पटवून घेतलं आणि धर्म बदलला, असं बाहेरून दिसतं. चर्चच्या आत परंपरेने त्याकडे सुरुवात म्हणूनच पाहिलं आहे. पहिल्या काही शतकांत बाप्तिस्मा मागणाऱ्याला आधी शिकाऊ म्हणून ठेवत, कुठे कुठे तीन वर्षांपर्यंत. तो उपासनेला येई, वचन ऐके, पण प्रभुभोजनाला बसत नसे. त्या काळात त्याच्या पाठांतरापेक्षा त्याची वागणूक पाहिली जाई: विधवांकडे जातो का, आजाऱ्यांची विचारपूस करतो का. समज आणि जगणं बरोबरीने वाढतं, हे त्या लोकांना ठाऊक होतं.

पेत्राचीच गोष्ट पुढे नेऊ. येशूच्या मरणानंतर आणि पुनरुत्थानानंतर तो यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी झाला. हजारोंपुढे उपदेश केला, तुरुंगात गेला. तरीही यहुदी नसलेल्याच्या घरात पाऊल टाकायचं नाही, त्याच्या पंगतीला बसायचं नाही, हा लहानपणापासूनचा नेम त्याच्या अंगात होता. प्रेषितांच्या कृत्यांच्या दहाव्या अध्यायात तो यापो इथे कातडी कमावणाऱ्या शिमोनाच्या घरी उतरला आहे. दुपारी गच्चीवर प्रार्थना करताना त्याला दृष्टान्त होतो. देवाने शुद्ध केलेलं तू अशुद्ध मानू नकोस, असा त्याचा आशय. पेत्र कोड्यात पडतो. तो विचार करतोय तोवर खाली दारात माणसं येऊन उभी राहतात. करनेल्य नावाच्या रोमी शताधिपतीने त्यांना पाठवलेलं असतं. पेत्र त्यांना घरात घेतो, दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर कैसरियाला जातो, आणि त्या परक्या घरात उभं राहिल्यावर त्याला दृष्टान्ताचा अर्थ कळतो. देव माणसामाणसांत भेद करत नाही, हे तो तिथे बोलून दाखवतो.

हा क्रम मी वर्गात पुन्हा पुन्हा सांगते. गच्चीवर त्याला फक्त प्रश्न मिळाला, अर्थ उलगडला तो करनेल्याच्या ओटीवर. माझ्या अनुभवात समज पुढे सरकते ती बहुतेक वेळा अशीच, दारात येऊन उभ्या राहिलेल्या माणसामुळे. आणि ती सरळ रेषेत वाढते असंही नाही. पुढे अंत्युखियात काही कर्मठ मंडळी आली तेव्हा पेत्र परराष्ट्रीयांच्या पंगतीतून पुन्हा मागे सरला, आणि पौलाने त्याला तोंडावर सुनावलं. पौलाने हे गलतीकरांच्या पत्रात लिहून ठेवलं, आणि चर्चने ते पत्र पवित्र शास्त्रात जपलं. आपल्या पहिल्या पुढाऱ्याची माघार पुसून टाकावी असं मंडळीला वाटलं नाही, याचं मला फार मोल वाटतं.

पंगतीचा हा प्रश्न मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. आमच्या नगरच्या मातीत तो लक्ष्मीबाई टिळकांनी जगून सोडवला. नाशिकजवळच्या जलालपूरला त्यांचा जन्म झाला. वडिलांचं सोवळं इतकं कडक की घरात येणारी वस्तू धुतल्याशिवाय आत येत नसे. 10 फेब्रुवारी 1895 रोजी त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. काही वर्षं त्या आपल्या लहानग्या मुलाला, दत्तूला, घेऊन माहेरच्या माणसांच्या आधाराने राहिल्या. पुढे नवऱ्याकडे आल्या, पण आपला स्वयंपाक, आपलं पाणी वेगळं ठेवूनच. टिळक शब्दांचे धनी होते, तरी त्यांच्या युक्तिवादाने बाई ख्रिस्ती झाल्या नाहीत. भोवतालच्या माणसांत राहता राहता त्यांच्या मनात एक विचार उगवला: जाती देवाने केल्या की माणसांनी? उत्तर आतूनच आलं, आणि कुणाच्याही हातचं पाणी प्यायचं त्यांनी ठरवलं. बाप्तिस्मा त्यानंतरचा, टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर सुमारे पाच वर्षांनी. आयुष्याच्या अखेरीला लिहिलेल्या 'स्मृतिचित्रे'त त्यांनी हा प्रवास कुठलाही टप्पा न लपवता मांडला, म्हणून तो आज आपल्याला पाहता येतो.

पंडिता रमाबाईंचा मार्ग वेगळा. त्यांची बुद्धी प्रत्येक पायरीवर थांबून हिशेब मागणारी होती. आसामात सिल्चरला असताना घरातल्या पुस्तकांत त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली. कुतूहल जागं झालं, पण पुढे आयुष्यच उलटंपालटं झालं. 1882 मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी गेले आणि त्या लहान मुलगी मनोरमा हिला घेऊन पुण्याला आल्या. नीलकंठशास्त्री गोरे, म्हणजेच फादर नेहेम्या गोरे, यांच्या लिखाणाने त्यांच्या बुद्धीच्या शंकांना उत्तरं दिली. 1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. लंडनच्या फुलहम भागात ख्रिस्ती भगिनींना, समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांची सेवा करताना त्यांनी पाहिलं. अशा बायकांवर इतकी माया कोण करतं आणि का, असा प्रश्न त्यांना पडला. तेव्हा त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली, समाजाने दूर लोटलेल्या शमरोनी स्त्रीशी येशू बोलतो ती गोष्ट वाचून दाखवली गेली. त्याच वर्षी 29 सप्टेंबरला वाँटेज इथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

इथे चरित्र संपवलं असतं तर छान गोष्ट झाली असती. रमाबाई मात्र बाप्तिस्म्यानंतरही प्रश्न विचारतच राहिल्या. सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममातेशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार छापलेला आहे. त्रैक्याच्या सिद्धान्तावर, चर्चच्या अधिकारावर त्या तिथे निर्भयपणे वाद घालतात. भारतातल्या पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटून तशाच दुसऱ्या जोखडाखाली मान द्यायला त्या तयार नव्हत्या. शास्त्र स्वतः वाचून जेवढं पटेल तेवढंच मान्य करायचं, हा त्यांचा बाणा. पुष्कळांना तो हट्ट वाटला. मला तो प्रामाणिकपणा वाटतो, कारण अजून धूसर दिसतंय असं बेथसैदाचा आंधळाही म्हणालाच होता.

मग 1891 च्या सुमाराला, मुंबईत विधवांसाठी सुरू केलेलं शारदा सदन पुण्यात आणल्यानंतर, त्यांच्या आत आणखी एक गोष्ट घडली. विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचं आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आलं. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण खुद्द ख्रिस्त अजून भेटलाच नाही, असं त्यांना लख्ख दिसलं. आठ वर्षं ख्रिस्ती म्हणून जगलेली, शास्त्र जाणणारी बाई हे म्हणते! 1907 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी ते जगापुढे सांगितलं. या वेळी दारात कुणी उभं नव्हतं, एका पुस्तकाने आणि आतल्या तहानेने काम केलं. पण पुढे माणसं आलीच. 1896 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीत सापडलेल्या मुलींना घेऊन परतल्या. त्यांतून केडगावचं मुक्ती सदन उभं राहिलं. उतारवयात त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणायला घेतलं, तेही खेड्यातल्या साध्या बाईला कळेल अशा भाषेत. आपल्याला जे टप्प्याटप्प्याने कळलं, त्याची वाट इतर बायकांना सोपी व्हावी, ही त्यामागची तळमळ मला दिसते. 1922 मध्ये त्या गेल्या तोवर काम पुरं झालं होतं.

एकेका माणसाचं होतं तेच सगळ्या चर्चचंही होतं. ख्रिस्त देव कसा, हे नेमक्या शब्दांत मांडायला पहिल्या मंडळ्यांना तीनशेहून अधिक वर्षं लागली. 325 मध्ये निकिया इथे धर्मपरिषद भरली, 381 मध्ये कॉन्स्टँटिनोपलला, तेव्हा आज चर्चमध्ये म्हटला जाणारा मतांगीकार आकाराला आला. भक्ती आधीच चालू होती, शब्द मागून आले. फिलेमोनाच्या पत्रात पौल ओनेसिम नावाच्या गुलामाला भाऊ म्हणून स्वीकारायला सांगतो. ते पत्र चर्च पहिल्यापासून वाचत होतं. तरी ब्रिटिश संसदेने गुलामांचा व्यापार बंद केला तो 1807 मध्ये आणि बहुतेक वसाहतींतली गुलामगिरी रद्द करणारा कायदा केला 1833 मध्ये. पत्र तेच होतं, त्याचा पूर्ण अर्थ दिसायला अठराशे वर्षं गेली, आणि त्या उशिराची किंमत लाखो माणसांनी भरली. म्हणून हळूहळू समजतं हे सांगताना मी ते आळसाची सबब म्हणून सांगत नाही.

माझं स्वतःचं सांगायचं तर प्रभूची प्रार्थना मला बोलता येऊ लागल्यापासून पाठ आहे. तीत रोजच्या भाकरीचं मागणं आहे. 1972 चा दुष्काळ पडला तेव्हा मी लहान होते. आई खडी फोडायला जायची, आम्हाला सुकडी मिळायची. शेजारच्या घरातली बाई बाळंतीण होती, तिला कामावर जाता येत नव्हतं. आई आमच्यातली मूठभर सुकडी तिच्याकडे पोचवायची आणि मग आमच्याबरोबर प्रार्थना म्हणायची. तोवर ते मागणं मला माझ्या पोटापुरतं वाटत होतं. त्या वर्षी त्यात शेजारीण आली. पुढे शाळेत उपाशी येणारी मुलं समोर बसली, तेव्हा भाकर मागणाऱ्यावर भाकर पोचवण्याची जबाबदारीही येते, हे कळलं. सासूबाई शेवटच्या आजारात दोन घासही गिळू शकत नव्हत्या, तरी ओठ हलवून तीच प्रार्थना करायच्या. तेव्हा त्या कुठल्या भाकरीवर जगत होत्या, त्याची थोडी कल्पना आली. प्रार्थनेतला एक शब्दही बदलला नव्हता.

मग समज वाढतेय की वाट सुटतेय, हे ओळखायचं कसं? वर्गात मी दोन कसोट्या सांगते. नवी समज शुभवर्तमानातल्या येशूशी जुळते का, त्याच्या बोलण्याशी, त्याच्या वागण्याशी? आणि ती आल्यावर तुमच्या घरात कुणाला नव्याने जागा मिळाली का? पेत्राच्या पंगतीला करनेल्य आला, लक्ष्मीबाईंच्या घरी कुणाच्याही हातचं पाणी चालू लागलं, रमाबाईंच्या छपराखाली दुष्काळातल्या पोरी आल्या. ज्या साक्षात्काराने माणसं कमी होतात त्यावर मी विश्वास ठेवत नाही.

आमच्या मंडळ्यांतलं एक वास्तव मला अस्वस्थ करतं. संडे स्कूल असतं, दृढीकरणाचा वर्ग असतो, आणि मग तिथेच शिकणं थांबतं. बारा-पंधराव्या वर्षी मिळालेल्या उत्तरांवर माणसं साठी गाठतात. मधल्या काळात कर्ज, आजार, मुलांची लग्नं, मरणं येतात, आणि ती जुनी उत्तरं अपुरी पडतात. मग कुणी मुकाट्याने चर्चला येणं सोडतं, कुणी येऊन बसतं पण प्रश्न गिळतं. म्हणून आमच्या वर्गात प्रत्येकाची एक वही आहे. न समजलेलं तारीख घालून तीत लिहायचं, आणि वर्षाने उघडून पाहायचं. काही प्रश्न सुटलेले असतात, काही अधिक खोल गेलेले असतात. उत्तर आलंच पाहिजे अशी अट नाही, प्रश्न लपवायचा नाही एवढीच आहे. सगळ्या पाळकांना आणि वडीलजनांना माझी विनंती आहे: मोठ्यांसाठी असा एक वर्ग सुरू करा, आणि तिथे येणाऱ्याला आपलं धूसर दिसणं मोठ्याने सांगू द्या.